गप्पी माशाने उडी का मारली?

आजचा भाग एका मेलेल्या माशापासून सुरू होतो. तो माझ्यामुळे मेला होता.

मी सातवीत होतो, घर वेरूळला. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून गावात पाण्याच्या टाक्यांमध्ये गप्पी मासे सोडले होते. त्यातले चार मी काचेच्या बरणीत घालून घरी आणले. बरणी काठोकाठ भरली आणि झाकण काही लावलं नाही. सकाळी बघतो तर एक मासा फरशीवर, मुंग्या लागलेला. मित्र म्हणाला, "आत्महत्या केली त्याने." मला ते खरंच वाटलं, आणि बरेच दिवस वाटत राहिलं. आजी मात्र म्हणाली, "जीव द्यायला नाही रे बाळा, तो चढायला निघाला होता."

आजीचं म्हणणं कळायला आधी या माशाचा इतिहास बघावा लागतो. गप्पी हा आपला मासा नाहीच. तो दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाचा आणि शेजारच्या त्रिनिदाद बेटाचा. 1859 साली विल्हेल्म पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे 1866 मध्ये रॉबर्ट गप्पी नावाच्या गृहस्थाने त्रिनिदादहून काही नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले, आणि त्याचं आडनाव माशाला कायमचं चिकटलं. तर मंडळी, 'गप्पी' हा शब्द आपल्या गप्पांवरून आलेला नाही! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलेरियाशी लढायला इंग्रजांनी हा मासा भारतात आणला. तसा तो फिरत फिरत वेरूळच्या टाकीत पोचला.

आता गंमत बघा. मासे काचेच्या पेटीत ठेवायची हौसही साधारण त्याच काळातली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं 1853 मध्ये. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय तर 1951 चं. म्हणजे काचेची पेटी जेमतेम पावणेदोनशे वर्षांची. माशाचं शरीर मात्र त्याच्या कितीतरी आधी, ओढ्यात आणि डबक्यात घडलेलं.

उडीचं उत्तर मिळालं ते चहाच्या पेल्यात. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात डॅफ्नी सोआरेस या संशोधिकेच्या प्रयोगशाळेतल्या एका गप्पीने टाकीतून थेट तिच्या चहात उडी घेतली. नशीब, चहा थंड होता! मग तिने आणि हिलरी बिअरमनने अतिवेगवान कॅमेऱ्याने या उड्या टिपल्या. 2013 साली त्यांचा शोधनिबंध आला. दिसलं असं, की मासा आधी सावकाश मागे सरकतो आणि मग झेपावतो. आपण उडी मारताना चार पावलं मागे जातो ना, तसंच. मागे कुणी शत्रू लागलेला नसतानाही ही तयारी चाललेली. त्यांचा निष्कर्ष असा, की त्रिनिदादच्या डोंगरी ओढ्यांमध्ये एका डोहातून दुसऱ्या डोहात जाण्यासाठी ही उडी कामाची. धबधब्याच्या वरच्या अंगाला मोठे शिकारी मासे कमी असतात. जो वर पोचला, त्याची पिल्लं वाचली.

आता आजीकडे परत येऊ. पहिल्या मोठ्या पावसाने ओढे-नाले वाहू लागले की नदीतले मासे अंडी घालायला उलट्या प्रवाहाने वर चढतात. आपण त्यांना चढणीचे मासे म्हणतो, कोकणात वलगणीचे. पावसाळ्यात 29 नंबरच्या लेण्याजवळ येळगंगेचा धबधबा कोसळतो आणि आपण तिथे रील काढतो. पण ओढ्याच्या माशाला पडणारं पाणी म्हणजे वाट. आजीने आयुष्यभर हे पाहिलं होतं. गप्पी परदेशी असला तरी त्याची खोड तिने बरोबर ओळखली.

म्हणजे उडी दरवेळी दुःखाची नसते. पण कधीकधी पाणीच राहण्यासारखं नसतं, हेही खरं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया वाढतो. मोठा मासा पाठलाग करतो. ओढ्यात अशा वेळी उडी मारणारा पुढच्या डबक्यात पडून वाचायचा. आपल्या घरात पुढचं डबकं नसतं, फरशी असते.

तेव्हा टाकीला जाळीचं झाकण लावा आणि पाणी काठापासून तीन-चार बोटं खाली ठेवा. मासे सारखे वर येऊन तोंड उघडत असतील, तर थोडं पाणी बदला. नळाचं पाणी थेट ओतू नका, त्यातलं क्लोरीन काढूनच घाला. आणि नको झालेले गप्पी नदीत किंवा कुंडात सोडू नका, ते स्थानिक माशांच्या मुळावर येतात.

माझ्या बरणीवर त्या दिवशी एक साधी ताटली ठेवली असती तरी पुरलं असतं. बाकीच्या तिघांच्या वेळी ठेवली.

भेटू पुढच्या भागात!