यादीत नसलेली वाडी

पनवेलहून पुण्याच्या रस्त्याला लागले की डावीकडे प्रबळगड आणि पुढे इर्शाळगडाचा सुळका दिसतो. त्याच्या पोटाशी ठाकरांची इर्शाळवाडी होती. वर पायवाटच होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगराचा एक भाग वाडीवर आला. यंत्रे वर पोचेनात. माती कुदळ-फावड्यांनी उपसावी लागली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ताच राहिली.

रायगड जिल्ह्याला हे नवे नव्हते. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील जुई आणि दासगाव, जुलै २०२१ मध्ये तळिये. आपला काळा पाषाण कठीण खरा, पण त्याचा वरचा थर ऊनपावसाने झिजून माती-मुरूम झालेला असतो. इर्शाळवाडीच्या परिसरात तीन दिवसांत जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस झाला. एवढे पाणी मुरले की कणांमधल्या फटी भरतात, पाण्याचा दाब कणांची एकमेकांवरची पकड सैल करतो, आणि वजन तर वाढलेलेच असते.

आम्हाला बोचते ते वेगळेच. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत इर्शाळवाडी नव्हती. तिथे पूर्वी दरड कोसळल्याची नोंद नव्हती. पण डोंगरावरच्या वाडीची नोंद ठेवतो कोण? उताराला मात्र नोंदीची गरज नसते. आपल्या शाळेमागे टेकडी असेल तर पावसाळ्याआधी मुलांबरोबर जरूर पाहावे: जमिनीला नव्या भेगा, कललेली झाडे, एरवी नितळ असणारा पण आता गढूळ झालेला झरा.