विमानासाठी नांगरलेला तास

नांगर कशासाठी असतो हे तुम्हां शेतकरी मंडळींना सांगायला नको. पण १९२१ च्या सुमारास एका ओसाड मुलखात नांगर चालवला गेला, तो पेरणीसाठी नव्हे. वरून जाणाऱ्या विमानाला वाट दिसावी म्हणून!

तो मुलूख कैरो आणि बगदाद या शहरांच्या मधला. पहिले महायुद्ध संपले होते आणि इराक इंग्रजांच्या ताब्यात आला होता. मार्च १९२१ मध्ये चर्चिलसाहेबांनी कैरोला परिषद भरवली. फौजेचा खर्च परवडेना, तेव्हा इराकवरची पकड विमानदळाच्या जोरावर ठेवायची असे ठरले. त्याच विमानांतून टपालही जाऊ लागले. त्याआधी लंडनचे पत्र बगदादला जायचे ते बोटीने, आपल्या मुंबईचा वळसा घालून. तेव्हा ही वाट काही केवळ लोकसेवेसाठी काढलेली नव्हती, आणि ज्यांच्या उंटांच्या चराईतून ती गेली त्या अरबांना कोणी विचारलेही नव्हते.

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या येतात. हे तसे नव्हे. अम्मान सोडून पूर्वेला निघाले की आधी काळ्या दगडांचा पट्टा लागतो. ज्वालामुखीचा खडक तो, आपल्या देशावरच्या काळ्या फत्तराचा भाऊच म्हणा ना. मग मैलोगणती गारगोट्यांचे सपाट माळ आणि मधूनमधून चिखल वाळून झालेली, टणक, पांढुरकी मैदाने. नदी नाही, झाड नाही, गाव नाही. सुमारे ५०० मैल हेच. वरून पाहणाऱ्याने खूण म्हणून धरावे तरी काय?

म्हणून १९२१ च्या उन्हाळ्यात मोटारींचे दोन तांडे निघाले, एक अम्मानकडून, दुसरा बगदादकडून. त्यांच्या चाकांची चाकोरी हीच वाट. जिथे चाक उमटेना तिथे नांगराचा तास धरला. ठरावीक अंतरांवर उतरण्याजोगी जागा पाहून मोठी वर्तुळे आखली आणि प्रत्येकाला अक्षर किंवा आकडा दिला.

हे अक्षर का बरे? रेघ तुम्हाला दिशा सांगते, पण किती चालून आलो ते सांगत नाही. मराठीत नांगराच्या रेघेला तास म्हणतात आणि साठ मिनिटांनाही तासच म्हणतात. वैमानिकाला दोन्ही तास लागतात. समजा, विमान ताशी ८० मैल जाते आणि पुढचे वर्तुळ २० मैलांवर आहे. मग पंधरा मिनिटांनी ते दिसले पाहिजे. वीस मिनिटे लागली, तर समोरून वारा आहे, आणि तेल त्याच हिशेबाने जास्त जळणार हे तेव्हाच कळते.

वारा आडवा असला म्हणजे निराळेच. पुराच्या पाण्यात नाव घालणारा आपला तांडेल बघा. पलीकडचा घाट समोर असला तरी तो नावेचे तोंड वरच्या अंगाला धरतो, तेव्हा कुठे नाव घाटाला लागते. विमानाचेही तसेच. वारा डावीकडून असला की नाक थोडे डावीकडे ठेवायचे. होकायंत्र एका अंशाने चुकले तर ६० मैलांवर विमान एक मैल बाजूला जाते, असा ठोकळ हिशेब आजही नवशिक्या वैमानिकाला शिकवतात. ५०० मैलांवर म्हणजे आठ मैलांहून अधिक. तेवढ्यात जमिनीवरची रेघ केव्हाच दिसेनाशी होते.

आणि रेघ तरी कायमची कुठे? पाऊस पडला की चिखलाच्या मैदानावरची चाकोरी पुसून जाई. १९२३ पासून दमास्कस-बगदाद मोटारींची वाहतूक सुरू झाली, तेव्हा त्या मुलखात दुसऱ्या चाकोऱ्याही उमटल्या. आता यातली आपली कोणती? इथे माणूस एक घातक चूक करतो. खाली काहीतरी दिसते आणि नकाशात तसेच काही सापडले की 'हेच ते' म्हणून तो मोकळा होतो. खरा क्रम उलटा आहे. आधी घड्याळ बघायचे, मग एवढ्या वेळात कुठे असायला हवे ते नकाशात, आणि शेवटी खाली जमिनीवर. शिक्षक मंडळींनी गावचा नकाशा आणि होकायंत्र घेऊन मुलांना शिवारात हे करून दाखवावे. मुले पावले मोजून चालली तरी पुरे.

वाळवंटात या चुकीची किंमत पाण्यात मोजावी लागे. विमान बिघडून वाटेजवळ उतरले, तर वाट धरून येणाऱ्या सोबत्यांना ते सापडे. वाटेपासून दूर उतरलेल्याला शोधायचे कुठे?

१९२७ पासून ही टपालाची वाट इम्पीरियल एअरवेज कंपनीकडे गेली आणि १९२९ मध्ये ती कराचीपर्यंत पोचली. तिथून पुढची पत्रे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी 'पस मॉथ' नावाच्या छोट्या विमानातून अहमदाबादमार्गे मुंबईला आणली. त्यांच्यासाठी जमिनीवर कोणी तास धरलेला नव्हता, की जवळ बिनतारी यंत्र नव्हते. अहमदाबादेला पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडीतून. मुंबईला जुहूच्या मैदानात विमान उतरले. पावसाळ्यात त्या मैदानाचा चिखल होई, तेव्हा विमानांचा मुक्काम पुण्याला हलवावा लागे.