हिरवळीवर एका रात्रीत मातीचे ढीग: ब्रिटनमध्ये मोल कसा पकडतात?

रात्री झोपताना लॉन सपाट असतं. सकाळी खिडकीचा पडदा सरकवला की मधोमध ताज्या मातीचे सात-आठ ढीग दिसतात. ब्रिटनमध्ये घरामागे बाग असलेल्यांना हे नवीन नाही. ढीग करणारा प्राणी मात्र सहसा कुणाला दिसत नाही, कारण तो जवळपास सगळं आयुष्य जमिनीखालीच काढतो. त्याचं नाव मोल.

मराठीत 'मोल' म्हटलं की किंमत आठवते. या प्राण्यासाठी आपल्याकडे रुळलेला शब्द नाही, कारण महाराष्ट्रात तो आढळतच नाही. भारतातले मोल पूर्व हिमालयाच्या बाजूला आहेत. भाषांतरात कधीकधी त्याला चिचुंद्री म्हटलं जातं, पण चिचुंद्री वेगळी.

हा ढीग येतो कुठून?

ब्रिटनमधला मोल साधारण ११ ते १६ सेंटिमीटर लांब आणि १०० ग्रॅमच्या आसपास वजनाचा असतो. पुढचे पंजे फावड्यासारखे, डोळे टाचणीच्या डोक्याएवढे, अंगावर काळी मखमली लव. ही लव पुढे-मागे कशीही वळते, त्यामुळे अरुंद बोगद्यात त्याला उलटंही सरकता येतं. तो उंदराच्या कुळातला नाही आणि झाडांची मुळं खात नाही. त्याला हवी असतात गांडुळं. दिवसाला स्वतःच्या वजनाच्या निम्म्याएवढी! उरलेल्या गांडुळांचं डोकं चावून तो त्यांना लुळं करतो आणि जिवंतच साठवून ठेवतो.

बोगदा म्हणजे त्याचं शिकारीचं जाळं. बोगद्यात पडलेलं गांडूळ तो फेरी मारून उचलतो. नवा बोगदा खणताना निघालेली माती वर ढकलली, की लॉनवर ढीग तयार. म्हणजे जिथे गांडुळं भरपूर, माती ओलसर आणि सकस, तिथेच मोल जास्त.

मग त्याला पकडायचं कशाला? लॉनचं रूप बिघडतं हे एक कारण, आणि खरं सांगायचं तर ते फार मोठं नाही. मोलमुळे माती मोकळी होते आणि ढिगातली भुसभुशीत माती अनेक बागकाम करणारे कुंड्यांसाठी उचलून नेतात. शेतकऱ्याची अडचण जास्त खरी आहे. गवत कापताना ढिगाची माती मुरघासात मिसळली, तर तिच्यातून लिस्टेरिया नावाचा जिवाणू वाढून मेंढ्या आजारी पडू शकतात. वर आलेल्या दगडांनी यंत्राची पातीही मोडतात. १७०२ मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम घोड्यावरून पडला, तोही घोडा अशाच ढिगाला अडखळल्याने, असं सांगतात. काही दिवसांत राजा वारला आणि त्याचे विरोधक काळ्या मखमलीतल्या त्या छोट्या गृहस्थाच्या नावाने पेले उंचावू लागले.

विष गेलं, सापळा उरला

पूर्वी ब्रिटिश शेतकरी गांडुळांना स्ट्रिकनिन चोळून बोगद्यात टाकत. हे विष अत्यंत वेदनादायक मरण देतं. २००६ मध्ये त्याच्या वापरावर बंदी आली. आता आपल्याकडे धान्यातली कीड मारायला वापरतात त्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडचा वायू सोडता येतो, पण तो फक्त प्रशिक्षित माणसांनी. त्यामुळे मोल पकडणाऱ्यांचा जुना धंदा पुन्हा चालू लागला. एकेकाळी चर्चच्या परगण्यांकडून त्यांना या कामाचे पैसे मिळत. किती पकडले हे दिसावं म्हणून मेलेले मोल कुंपणाला ओळीने टांगायची पद्धतही होती.

नवखा माणूस सापळा ढिगात लावतो आणि तिथेच फसतो. ढीग ही फक्त टाकलेली माती, मोलची रोजची वाट नव्हे. ती वाट दोन ढिगांच्या मधून, किंवा कुंपण आणि पायवाटेच्या कडेने जाते. ती शोधायला बारीक सळई जमिनीत टोचत जातात. सळई अचानक सैल आत गेली की खाली बोगदा आहे. तो वापरात आहे का, हे बघायला एका जागी पायाने हलकेच दाबून ठेवतात. दिवसभरात तो भाग परत उचलला गेला, तर मोल तिथून जातोय.

मग हिरवळीचा चौकोनी तुकडा कापून बाजूला ठेवायचा, बोगद्यातली सुटी माती काढायची, तळ दाबून घट्ट करायचा आणि सापळा वाटेच्या सरळ रेषेत बसवायचा. आमिष लागत नाही. वरून मात्र सगळं नीट झाकावं लागतं, कारण उजेड किंवा वाऱ्याची झुळूक आत आली की मोल माती ढकलून सापळाच बुजवून टाकतो. सापळा रोज तपासायचा.

जिवंत पकडणारे नळीसारखे सापळेही मिळतात. ऐकायला ते दयाळू वाटतात, पण सारखं खाणारा हा प्राणी उपाशी अडकला तर काही तासांत मरू शकतो. मोल पकडायला ब्रिटनमध्ये परवाना लागत नाही, पण सापळ्यातल्या प्राण्याला विनाकारण यातना देणं २००६ च्या प्राणीकल्याण कायद्यानुसार गुन्हा आहे.

एवढं करूनही काम संपत नाही. मोल एकटा राहतो. बागेतले इतके ढीग बहुतेक वेळा एक-दोन जणांचेच असतात. पण तो गेला की शेजारचा मोल त्याचे आयते बोगदे ताब्यात घेतो. म्हणून अनेकजण फावड्याने ढीग पसरवतात आणि मोलला राहू देतात.

आपल्या सोसायटीतला ढीग कुणाचा?

जमिनीत खोचायचे, आवाज करून मोल पळवणारे सोलर खुंटे आता भारतातही ऑनलाइन विकले जातात. ते मोलवर चालतात याचाच भरवशाचा पुरावा नाही. पुण्या-मुंबईच्या बागेत तर पळवायला मोलच नाही. इथे मातीचा ढीग दिसला तर आधी घुशीवर संशय घ्यावा. जवळपास बिळाचं तोंड सापडतं आणि कंद, मुळं कुरतडलेली असतात. घूस ही उंदराच्याच जातीची, त्यामुळे तिच्यासाठी आमिष ठेवलेला पिंजरा चालतो. चिचुंद्री दिसली तर तिला सोडून द्या, ती झुरळं आणि किडे खाते.