वहीतला यमन

परीक्षेच्या आदल्या रात्री मी यमनची माहिती घोकली होती. थाट कल्याण, मध्यम तीव्र, वादी गंधार, संवादी निषाद, वेळ रात्रीचा पहिला प्रहर. लेखीत मार्क छान पडले. त्याच आठवड्यात शेजारच्या काकांच्या रेडिओवर यमन लागला. काकांनी विचारलं, "हा कुठला राग गं?" मला सांगता आलं नाही.

बरीच वर्षं मी याचं खापर वहीवर फोडलं. आता रविवारी मीच मुलांना गाणं शिकवते. ही वही आली कुठून, हे वाचत गेले तेव्हा माझा सूर जरा बदलला.

वहीच्या आधी गुरूचं घर होतं. घराण्यात जन्म घ्यायचा, नाहीतर वर्षानुवर्षं गुरूची सेवा करायची. काय आणि किती द्यायचं, ते गुरू ठरवणार. बंदिश ही त्यांची पुंजी, ती कागदावर कशाला उतरवू देतील? आणि 'चांगल्या घरातल्या' मुलीनं गाणं शिकणं म्हणजे बदनामीच.

विष्णु दिगंबर पलुस्कर याच वाटेनं शिकले. जन्म १८७२, कुरुंदवाड. लहानपणी फटाक्यामुळे डोळे अधू झाले, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं. ५ मे १९०१ ला त्यांनी थेट लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं. एखाद्या संस्थानिकाच्या मर्जीवर नाही, तर लोकांच्या पैशावर: फी, देणग्या, जलशांची तिकिटं. ठरलेला अभ्यासक्रम, छापील पुस्तकं, परीक्षा. मुलींनाही दार उघडं. पुढे मुंबईतली शाळेची इमारत कर्जापायी हातची गेली, पण शिष्य गावोगाव पसरले होते.

दुसरे विष्णु नारायण भातखंडे, मुंबईचे वकील. देशभर फिरून त्यांनी बंदिशी जमवल्या, राग दहा थाटांत मांडले आणि सगळं 'क्रमिक पुस्तक मालिके'त छापलं. स्वराखाली बिंदू म्हणजे मंद्र, वर बिंदू म्हणजे तार, खाली आडवी रेघ म्हणजे कोमल. ज्याला गुरू मिळाला नाही, त्याच्याही हाती निदान नकाशा आला.

नकाशात सगळं मावलं नाही. अहिर भैरवचे स्वर घ्या, दहापैकी एकाही थाटाशी ते जुळत नाहीत. आणि ज्या उस्तादांच्या, कलावंतिणींच्या गळ्यात ही विद्या टिकली, त्यांना या नव्या सभ्य वर्गांत फारशी जागा मिळाली नाही. माझ्या वहीत त्यांचं नावही नव्हतं.

तरी ती वही नसती, तर आमच्यासारख्या घरातली मुलगी गायला बसलीच नसती. हे मला उशिरा कळलं.

म्हणून वर्गात मी फक्त क्रम उलटा केलाय. आधी बिलावलचे स्वर गाते, मग यमनचे. काय बदललं, ते मुलांनी ओळखायचं. मागच्या रविवारी एक चिमुरडी म्हणाली, "ताई, मधला एक जण टाचा उंचावून उभा राहिला!"

मग वह्या उघडल्या. 'म'च्या डोक्यावर उभी रेघ काढली. राग कुणाकडून आपल्यापर्यंत आला, तेही आता त्याच पानावर लिहून घेते.