व्हेंटिलेटरजन्य न्यूमोनिया : संशोधन

श्वासनलिकेत नळी घालून कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवलेल्या अतिदक्षता विभागातील रुग्णास ४८ तासांनंतर होणारा फुप्फुसाचा संसर्ग. नळीमुळे खोकला निकामी होतो आणि घशातील जंतुयुक्त स्राव नळीभोवतीच्या फुग्याच्या कडेने खाली झिरपतो.

खरी अडचण निदानाची. ताप, क्ष-किरण चित्रातील छाया, वाढलेल्या पांढऱ्या पेशी ही चिन्हे अशा रुग्णांत इतर कारणांनीही दिसतात. त्यामुळे दोन अभ्यासांतील ‘न्यूमोनिया’ एकच असेल याची खात्री नसते. दुर्बिणीने फुप्फुस धुऊन घेतलेला नमुना व नळीतून ओढलेला साधा स्राव यांची तुलना कॅनडा-अमेरिकेतील ७४० रुग्णांवर झाली (२००६). मृत्युदरात फरक आढळला नाही.

प्रतिबंधाच्या बाजूने, बार्सिलोनातील चाचणीत (१९९९) रुग्णाला ४५ अंशांत टेकवून ठेवल्यावर संसर्ग ठळकपणे घटला. पुढे नेदरलँड्समध्ये कोन प्रत्यक्ष मोजला, तेव्हा तो बहुतेक वेळ टिकतच नाही असे दिसले.

उपचारांची दिशा बदलली ती फ्रान्समधील ५१ विभागांतल्या ४०१ रुग्णांवरील चाचणीने (२००३). प्रतिजैविके १५ ऐवजी ८ दिवस दिली तरी मृत्यू वाढले नाहीत. स्यूडोमोनाससारख्या जंतूंचा संसर्ग मात्र ८ दिवसांच्या गटात अधिक वेळा उलटला. भारतीय अतिदक्षता विभागांत याच वर्गातला, औषधांना न जुमानणारा अ‍ॅसिनेटोबॅक्टर प्रमुख असल्याने हा अपवाद येथे किरकोळ मानता येत नाही. अलीकडे फ्रान्समध्येच प्रतिबंध म्हणून तीन दिवस नेब्युलायझरद्वारे अ‍ॅमिकासिन दिल्यावर न्यूमोनियाचे प्रमाण २२ वरून १५ टक्क्यांवर आले (२०२३).