तळटीप : ‘कॅनरी रो’मधली उधारी

* जॉन स्टाइनबेकची ही कादंबरी 1945 साली प्रसिद्ध झाली. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरी बंदरातले सार्डिन माशांचे कारखाने आणि त्यांच्या आडोशाला राहणारी माणसं हा तिचा विषय. तिने दारिद्र्याला गोड मुलामा दिला, हा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. तो संपादकास मान्य नाही. मॅक आणि त्याचे सोबती ज्या कोठारात बिनभाड्याने राहतात, ते मुळात होरेस ॲबव्हिलचं. वाणसामानाची थकलेली उधारी फेडण्यासाठी तो ते दुकानदार ली चाँगच्या नावे करतो आणि मग तिथेच जाऊन स्वतःला गोळी घालून घेतो. हे सारं पहिल्याच प्रकरणात येतं. कथेतलं सगळ्यात आनंदी घर कर्जबाजारी माणसाच्या मृत्यूवर उभं आहे, याचा विसर लेखक पडू देत नाही.

मॅकची टोळी काम मिळत असूनही करत नाही, मग ही गरिबी कसली, असंही विचारलं जाईल. प्रश्न रास्त आहे. पण मॅलॉय दांपत्याकडे पाहावं. ते गंजक्या बॉयलरमध्ये संसार थाटतात, आणि खिडकीच नसलेल्या त्या घराला पडदे हवेत म्हणून मिसेस मॅलॉय रडते. हा हट्ट आळशाचा नव्हे. शिवाय हे जग लेखकाने दुरून रंगवलेलं नाही: कादंबरीतल्या डॉकचं पात्र ज्याच्यावरून घेतलं, त्या सागरी जीवशास्त्रज्ञ एड रिकेट्सलाच ही कादंबरी अर्पण केलेली आहे. त्याची प्रयोगशाळा कॅनरी रो या रस्त्यावरच होती.