शनवार तेल्यांच्या किनाऱ्यावर

समुद्रातला किल्ला मालवणकरांना अपूर्वाईचा नाही. त्यामुळे अलिबागला उतरल्यावर कुलाब्याच्या किल्ल्याकडे आम्ही घरच्यासारखे पाहिले आणि थेट इस्राएल आळीत शिरलो. १८४८ साली स्थापन झालेले 'मागेन अबोथ' हे सिनेगॉग तिथे आहे.

तिथून वरसोली, थळ मागे टाकीत आम्ही नवगाव गाठले. बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार याच किनाऱ्याजवळ त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना येथेच मूठमाती दिली गेली. या कथेला लेखी पुरावा नाही. पण ज्या समाजाने पोथ्याच समुद्रात गमावल्या, त्याच्याकडे तो मागायचा कसा?

वाचलेले लोक तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून ते 'शनवार तेली' झाले. गावांवरून रोहेकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर अशी आडनावे पडली. हिब्रू विस्मरणात गेली. उरली 'शमा' ही प्रार्थना, सुंता आणि आहाराचे नियम. पुढे दाविद रहाबी नावाच्या यहुदी प्रवाशाने त्यांच्या स्त्रियांपुढे मासळी ठेवली, तेव्हा पर आणि खवले असलेलीच त्यांनी वेगळी काढली, आणि त्याला ओळख पटली, असे सांगतात. मोरी आणि कोळंबी शतकानुशतके वर्ज्य करणे म्हणजे काय, हे मालवणी माणसाला समजावून सांगायला नको!

आम्ही इतक्या लांब आलो ते मात्र कीर्तनासाठी. १८८० च्या सुमारास मुंबईतील बेने इस्राएलांनी हरदासी कीर्तनाचा साचा उचलला आणि त्यात अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने ओवी, साकी, दिंडी अशा वृत्तांत रचून गायिली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यांतले एक प्रमुख नाव. त्याआधीच, १८४६ मध्ये, वल्हांडणाची हगादा मराठी भाषांतरासह मुंबईत छापली गेली होती. कीर्तनपरंपरा शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे नारदाच्या गादीपासून निघून संतांपर्यंत पोचतो आणि तिथेच थांबतो. या आख्यानांना आमच्या तासात कधी पाच मिनिटेही मिळाली नाहीत. विद्यार्थ्यांनी विचारले नाही, कारण आम्ही सांगितले नाही.

१९४८ नंतर समाजातील बहुसंख्य इस्राएलला गेले. तिथेही त्यांनी मराठी नियतकालिक काढले. नाव ठेवले 'मायबोली'.

परतताना नवगावला ओहोटी लागली होती. वाळूत होड्या आडव्या पडल्या होत्या, अगदी आमच्या दांडीच्या किनाऱ्यावर पडतात तशाच.